निघताना ‘जाते’ म्हणणाऱ्या आजी

मी वर्क व्हिसावर नॉटिंगहॅमला आले तेव्हा पुण्याला फोन कॉलिंग कार्डावरून करायला लागायचा. ज्यांच्या घरी मी खोली घेतली त्या आजी मूळच्या लक्झेंबर्गच्या, लग्न करून इथे आलेल्या, आता एकट्याच. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या तरी दारातून सांगायच्या, ‘एश गिन.’ अर्थ विचारला तर म्हणाल्या, ‘मी जाते.’

मी हटकलंच. म्हटलं, अहो आजी, घरातून निघताना असलं अभद्र बोलतात का कोणी? येते म्हणायचं.

त्यांना याचंच नवल. मग टोस्टला लोणी लावता लावता त्यांनी मला अख्खं क्रियापद ऐकवलं. मूळ रूप गोअन, इंग्रजी ‘गो’चं भावंड. पण मी ‘गिन’, तू ‘गेस’, तो ‘गेट’, आम्ही परत ‘गिन’, तुम्ही ‘गिट’, ते पुन्हा ‘गिन’. आणि जाऊन झालं की ‘गांगन’, कारण ते रूप म्हणे दुसऱ्याच एका जुन्या क्रियापदातून आलंय.

‘काय हा सावळागोंधळ,’ मी म्हणाले.

‘तुमच्यात काय म्हणतात?’

‘आज जाते, काल गेले,’ मी म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. जन्मभर मराठी बोलतेय, पण आपल्याकडेही तोच गोंधळ आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आजी मात्र खूश.

तेव्हापासून त्या निघताना ‘येते’ म्हणायच्या आणि मी आतून ‘या’ म्हणायचे.

पुढच्या हिवाळ्यात त्या खंगत गेल्या. एका सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली. कोटाची बटणं लावून आजी म्हणाल्या, ‘एश गिन.’ मला वाटलं, विसरल्या.

‘येते म्हणा,’ मी दटावलं.

‘नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मी आता घरी यायची नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?’

एवढं मनात ठेवून ही बाई माझ्याबरोबर रोज टोस्ट खात होती. भयंकर राग आला मला. नुसतं म्हणायला काय जात होतं त्यांचं?

संध्याकाळी वॉर्डात गेले. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं तशी उठले, सवयीने ‘येते’ बोलून गेले आणि जीभ चावली. आजींनी डोळे उघडले.

‘या,’ त्या म्हणाल्या. निघणाऱ्याला म्हणायचं म्हणून माझ्या तोंडून ऐकलेलं तेवढंच त्यांना येत होतं. नातीच्या वयाच्या मला, ‘या’.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून सकाळीच गेले. आजी थांबल्या नव्हत्या.