रविवार दुपारचं ट्यूनिंग

माझ्या मोपेडला थंडी सोसायची नाही. दुपारी ठीक असायची. तिचं दुखणं फक्त सकाळी पावणेसातचं, म्हणजे नेमकं मला महाराजपूरहून राइट टाउनच्या शाळेसाठी निघायचं असायचं तेव्हाचं. त्या शाळेत गणित शिकवायला लागून मला वर्ष होत आलं होतं आणि जानेवारीअखेर मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. प्रार्थना साडेसातला. डिसेंबरपासून हजेरीपटावर माझ्या नावापुढे सहा लाल शेरे पडले होते. मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "दो बार और लेट हुईं, तो मैं आपके लिए कुछ नहीं लिख पाऊँगी." गोड आवाजात दिलेल्या दमाचा मला जास्त राग येतो. पण बाईंचं चुकत काहीच नव्हतं.

गाडी बघायचं काम नवऱ्याचं. तो फॅक्टरीत फिटर होता आणि घरातल्या कुठल्याही यंत्राला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. रविवारी जेवणं झाली की तो अंगणात उन्हात बारदान पसरायचा, मी शेजारी मटार सोलत बसायचे, आणि तो मोपेडचा कार्ब्युरेटर उघडायचा. पेट्रोल आणि हवा यांचं माप ठरवणारी ही मुठीएवढी डबी. तिच्यात एक बारीक सुई असते, सुईला खाचा असतात. सुई एक खाच वर घेतली की इंजिनला पेट्रोल जास्त मिळतं, खाली घेतली की कमी.

आधी तो प्लग काढून बघायचा. प्लग चहाच्या रंगाचा निघाला की माप बरोबर. माझा निघायचा काळाकुट्ट.

"पेट्रोल जास्त पिऊन राहिली," असं म्हणून तो सुई एक खाच खाली घ्यायचा. मग किक मारायची, कान लावून ऐकायचं, स्क्रू इकडेतिकडे करायचा. इंजिन एका लयीत चालू लागलं की त्याचा चेहरा असा खुलायचा की मला मटार सोलणं सोडून बघत राहावंसं वाटायचं. "बघ, काय मस्त चालून राहिली!"

आणि सोमवारी सकाळी तीच मस्त गाडी मला कॉलनीच्या नाक्यापर्यंतही नेत नसे. तो फॅक्टरीच्या बसने सहालाच गेलेला असायचा, त्यामुळे माझी फजिती त्याने कधी पाहिलीच नाही. चोक पूर्ण ओढला, म्हणजे हवा कोंडून पेट्रोल वाढवलं, की ती सुरू व्हायची, चोक सोडला की खोकून बंद. म्हणून मी अख्खा रस्ता चोक ओढूनच जायचे. शेजारचे भैया म्हणत, "दीदी, इंजन पे गरम पानी डालो." तेही करून झालं. एका शनिवारी ती वाटेत अधारतालला जी थांबली ती थांबलीच. ढकलत ढकलत शाळेत पोचले तेव्हा पहिला तास संपत आला होता. सातवा शेरा.

साडेबाराला शाळा सुटली. लख्ख ऊन. मी रागारागाने किक मारली आणि ती बया पहिल्याच किकला सुरू झाली. मी भर रस्त्यात तिला शिवी दिली. मग घरापर्यंत एकच विचार करत आले: गाडी तीच, स्क्रू तोच, मग बदललं काय?

संध्याकाळी तो घरी आल्या आल्या मी त्याच्यावर तुटून पडले. "तुम्ही तिला दुपारी बघता. मला ती सकाळी न्यायची असते."

"मग? गाडी तर तीच आहे ना?"

"हवा दुसरी असते. थंड हवा दाट, तिला पेट्रोल जास्त लागते. अन् तुम्ही दर रविवारी कमी करून राहिले."

"मग प्लग काळा काहून होते?"

"मी चोक ओढून जाते म्हणून! तुम्ही पेट्रोल तोडता, मी चोक ओढते, प्लग काळा होते, अन् तो पाहून तुम्ही अजून तोडता."

"पंधरा वर्षं झाली मला फिटर होऊन," एवढंच तो म्हणाला आणि आत गेला. मला वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही.

रविवारी सकाळी सहाला त्याने मला हलवून उठवलं. "चल. आता दाखव."

अंगणात धुकं होतं. मंकी कॅप घालून त्याने स्वतः किका मारल्या. चोक ओढून गाडी सुरू झाली, चोक सोडला आणि त्याच्या हातात ती बंद पडली. पुन्हा, आणि पुन्हा. तो खाली बघत म्हणाला, "काल मला वाटलं, तुलाच किक जमत नाही." एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं. त्याने कार्ब्युरेटर उघडला, पण थंडीने बोटं आखडलेली, सुईची चिमुकली क्लिप हातात राहीना. शेवटी सुई माझ्याकडे दिली. मी दोन खाचा वर घेतली. हवेचा स्क्रू त्याने अर्धा फेरा आत फिरवला. गाडी सुरू झाली. चोक सोडला. चालूच राहिली.

"जा, चक्कर मारून ये," तो म्हणाला.

मी नाक्यापर्यंत गेले, मग अधारताल, मग थांबावंसंच वाटेना. घरच्याच साडीत, स्वेटर अडकवून, थेट शाळेच्या दारापर्यंत गेले. घड्याळात सात दहा. इतका आनंद मला पहिली नेमणूक मिळाली तेव्हाही झाला नव्हता. पुढे आठवा शेरा पडला नाही, आणि कायम झाल्याची चिट्ठीही आली. पण मला जास्त आठवते ती त्या रविवारची परत येतानाची वेळ.

तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, पाना हातात, काकडलेला. "कुठं बंद पडली?"

"नाही पडली. शाळेपर्यंत जाऊन आले."

त्याने वाकून इंजिनची लय ऐकली. "दोन महिने तुझे असे हाल होऊन राहिले, तर मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इतकं मन लावून करत होते," मी म्हणाले. "कसं सांगू?"

त्याने पाना खिशात टाकला आणि गाडी माझ्या हातातून घेतली. "उद्या मला पाचला उठव," तो म्हणाला. "बसच्या आधी एकदा तुझ्यासोबत ऐकून जातो."