टीपबाईचा जर

तिला सगळे टीपबाई म्हणत. दिवसभर मशीनवर टीप मारायची आणि मशीन थांबलं की जीभ सुरू. पँट सैल करून देता देता गिऱ्हाइकाच्या सुटलेल्या पोटाची फुकटात हजेरी घ्यायची. मुलगी रांगत असतानाच नवरा पसार झाला होता. "गेला तो गेला, जाताना माझी चांगली कात्री पण घेऊन गेला," एवढंच ती त्याच्याबद्दल बोलायची.

माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तिचं गणगोत म्हणजे कापडदुकानावरच्या खोलीत भरणारी प्रार्थनासभा. तिथे एकच नियम कडक होता, 'जर' म्हणायचं नाही. सभा चालवणारे दादा सांगत, "जर म्हणजे शंका. देवापुढे शंका घेऊन यायचं नाही." "मग जरीचं कापड शिवायला आलं की काय म्हणू?" असं टीपबाईने भर सभेत विचारलं होतं, तेव्हा दादासुद्धा हसले होते.

पुढे तिच्या पोटात गाठ निघाली. निघाली तीही हाताबाहेर गेलेली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आता औषध फक्त दुखणं कमी करायला.

सभा धावून आली. तसं नव्हतं म्हटलं तर पाप लागेल. पाळ्या लागल्या, कुणी जेवण आणलं, कुणी धुणं नेलं, दवाखान्यात न्यायला दादांनी स्वतः तिला पाठीवर घेऊन घराचा जिना उतरवला. निवृत्त मास्तरीणबाई रोज येऊन मुलीचा अभ्यास घेऊ लागल्या. एवढी माया टीपबाईच्या वाट्याला उभ्या जन्मात आली नव्हती. पण तिला हवी होती ती एकच गोष्ट कुणी देईना. आपल्यामागे मुलगी कुणाकडे राहील, हे कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं.

तिच्या मनात मास्तरीणबाई होत्या. एका दुपारी तिने त्यांचा हात धरला.

"बाई, जर मी..."

"श्श! विसरलात का?"

"बरं, जर नाही म्हणत. मी गेल्यावर पोरीला..."

"अहो, हे तर त्याहून वाईट! आम्ही सगळे देवाला साकडं घालून बसलोय आणि तुम्हीच त्यावर पाणी फिरवताय?" बाईंना रडूच फुटलं. शेवटी टीपबाईलाच त्यांची समजूत घालावी लागली.

दादांपुढे विषय काढला, तर तिचा विश्वास डळमळतोय म्हणून त्यांनी अख्खी सभाच खाटेभोवती प्रार्थनेला बसवली. कुणाच्याही मनात खोट नव्हती, हेच तर वाईट होतं. खोट असती तर ती कडाकडा भांडली असती. या भल्या माणसांपुढे तिने हात टेकले.

मग एक दिवस तिला खुर्चीत बसवून सभेत नेलं. "मी बरी झाले, असं म्हणा," दादा म्हणाले. दुखण्याने तिला धड सरळ बसवत नव्हतं, तरी ती म्हणाली. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. एकटी तिची मुलगी तेवढी आईकडे टक लावून पाहत होती.

घरी आल्यावर मुलीने तिच्या पाठीशी उशी सरकवली आणि तिथेच उभी राहिली.

"आई, जर तू बरी नाही झालीस, तर मी कुणाकडे राहायचं?"

इतके दिवस कुणीतरी हे बोलावं म्हणून टीपबाई तडफडत होती. आता प्रश्न समोर उभा होता आणि तिच्याजवळ सांगायला एकही नाव नव्हतं. ती जन्मात कधी एवढी घाबरली नव्हती.

"असं जर नाही म्हणायचं, बाळा," ती म्हणाली.

मुलीने मान डोलावली. त्यानंतर तिने पुन्हा कधीच विचारलं नाही.