मामींच्या साड्या आणि मामांचे पाने

शेषाद्रीमामा मोटरसायकलला किल्ली लावण्याआधी टाकीवर दोनदा थोपटतात. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की त्यांचा चेहरा उजळतो. पाना हातात आला की तो कुठल्या नटाचा हे डोळे मिटून सांगतात, कोणी विचारलेलं नसलं तरी. तेलकट हात कमरेच्या पांढऱ्या वेष्टीला, म्हणजे लुंगीसारख्या धोतराला पुसतात. मग ती वेष्टी अलमेलूमामी त्यांच्याकडूनच धुऊन घेतात. स्वतःच्या चाकात दुसऱ्याला हवा भरू देत नाहीत. हवा भरताना मात्र दम लागतो. तेव्हा ते आकाशाकडे बघतात, जणू पावसाचा अंदाज घेताहेत.

मी पश्चिम तांबरमला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीसाठी मजकूर लिहिते. मी मराठी साहित्य शिकलेली, म्हणून मामांना वाटतं मला सगळं समजावून सांगितलं पाहिजे. मामा-मामी तंजावूरकडचे. त्यांच्या मराठीत ‘कोठे’ आणि ‘कशास’ अजून रोजच्या वापरात आहेत, आणि चाल तमिळची आहे.

मामा शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले त्या दिवशी मुलांनी त्यांना प्रयोगशाळेतला जुना ताणकाटा भेट दिला. तो आता स्वयंपाकघराच्या चौकटीला टांगलेला आहे. यंदा त्याला काम मिळालं.

भाची जननीचं लग्न तंजावूरला होतं. मामांना मोटरसायकलवरून जायचं होतं, मामींना मागे बसवून. स्वतःचं लग्न झाल्यापासून ते विचारत होते. मामी नाही म्हणत होत्या. यंदा त्या अचानक ‘बरं’ म्हणाल्या. मामांना तो आनंद पेलवेना. मामींची एकच अट होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या जोडपिशव्यांपैकी उजवी मामांच्या हत्यारांची, डावी मामींची. आपली पिशवी त्या स्वतः भरणार.

“पण दोन्हींचं वजन सारखं पाहिजे,” मामा म्हणाले. “नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.”

मामींनी डाव्या पिशवीत दोन रेशमी साड्या, एक टॉवेल आणि चिंचभाताचा डबा ठेवला. मामांनी ती काट्याला टांगली. मग उजवी टांगली. काट्याची दांडी खाली धावली.

“अय्यो, गाडीच भरलीत का आत?” मामी म्हणाल्या.

मग मामा हत्यारं काढू लागले. प्रत्येक पाना हातात घ्यायचे, त्याची बाजू मांडायचे आणि ठेवून द्यायचे. हातोडी गेली. दोन्ही तोंडांचे पाने गेले, रिंगचे राहिले. पक्कड राहिली, कारण ती कात्रीचंही काम करते. क्लचची जादा केबल, प्लग, तार, चिकटपट्टी, हातपंप, पंक्चरचं सामान. तरी उजवी पिशवी जडच.

“अलमेलू, अजून एक साडी घे ना.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कुठला नवरा असं म्हणतो?

“एका लग्नाला किती साड्या?”

“मुहूर्ताला एक, जेवणाला एक, आणि एक... जड असेल अशी.”

“मला ठाऊक आहे ती कोणासाठी हवी ते,” मामी म्हणाल्या. “पुरे. दोनच.”

शेवटी टायर उचकटायच्या तीन लोखंडी पट्ट्यांपैकी एक मामांनी गुपचूप फडताळात ठेवली. काटा जुळला. मामा माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला फार बरोबर वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी प्रयोग मांडला. त्यांचा नियम असा, की पिशवीतल्या हत्यारांनी घरी जे जमतं तेच वाटेत जमतं. म्हणून अंगणात गाडी उभी करायची आणि पिशवीबाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. त्यांनी मागचं चाक काढलं, ट्यूब बाहेर घेतली आणि तिला टाचणी टोचली.

“चांगल्या ट्यूबला!” मामी ओरडल्या. “रुचिरा, तू शिकलेली, तूच सांग यांना.”

मी काय सांगणार? मामांनी ठिगळ लावलं. सुंदर लावलं. ट्यूब आत घातली आणि टायर चढवू लागले. शेवटचा वीतभर भाग मात्र बसेना. एका बाजूला दाबला की दुसऱ्या बाजूने निसटे. तिथे धरायला तिसरी पट्टी हवी होती. मामांनी गुडघा लावला. पट्टी आत घसरली आणि बारीकसा फुस्स आवाज आला. ट्यूब चिमटली होती.

पुन्हा ठिगळ. पुन्हा गुडघा. पुन्हा फुस्स.

समोर नारायणस्वामीचं पंक्चरचं दुकान आहे. तो चहाचा ग्लास घेऊन फाटकापर्यंत आला होता. “सार, चाक इकडे लोटा. चहा संपायच्या आत देतो.”

“नाही. मी आता तंजावूरच्या वाटेवर, विलुप्पुरमच्या पुढे आहे,” मामा म्हणाले.

“मग मला कसे दिसताय, सार?”

मामी पायरीवर बसल्या. “त्याला बसवू द्या की चाक. उद्या निघू.”

“आणि वाटेत खिळा लागला तर? तिथे नारायणस्वामी कोठे?”

“नारायणस्वामी सगळीकडे असतात.”

मामांनी वेष्टीला हात पुसले. “मी एकटा असतो तर गेलो असतो,” ते म्हणाले. “तू मागे बसणार आहेस.”

नारायणस्वामीने उरलेला चहा एका घोटात संपवला.

मग मामी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात उद्या सकाळच्या रेल्वेची दोन तिकिटं होती. बुकिंग सुरू झालं त्याच दिवशी काढलेली. “इतकी वर्षं संसार केलाय तुमच्याशी,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या हातात मात्र एक नवं हेल्मेट होतं. निळं, बायकी मापाचं. ते घरात कधी आलं, मामांनाही ठाऊक नव्हतं. मामींनी ते गाडीच्या आरशाला अडकवलं.

“तीन पट्ट्या होत्या ना तुमच्याकडे?”

मामा टायरकडे बघत राहिले. “एक साडी कमी पडली,” ते म्हणाले.

ते दोघं रेल्वेने गेले. चाव्या माझ्याकडे आहेत. झाडांना पाणी घालायला खाली गेले तर जोडपिशव्या खुंटीवर दिसल्या. जड वाटल्या म्हणून उघडल्या. डावीत मामींची आणखी एक जरीची साडी घडी करून ठेवलेली होती, जुनी, चांगलीच वजनदार. उजवीत हत्यारांच्या वर फडताळातली तिसरी पट्टी.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मागे सनई वाजत होती. जेवलीस का, झाडांना पाणी घातलंस का, हे मामींनी विचारलं. मामांनी एवढंच सांगितलं, की चाकाला कोणाला हात लावू देऊ नकोस. नारायणस्वामीला तर नाहीच.

मी लावू दिलेला नाही. चाक अंगणात भिंतीला टेकून आहे. टायर तीन बाजूंनी आत, वीतभर बाहेर, आणि त्यात दोन पट्ट्या अडकलेल्या.