दुर्बीण सहावर ठेवा

आमच्याकडे भासऱ्यांशी बोलत नाहीत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते ओसरीवर आले की आपण आत, आणि समोर जावंच लागलं तर पदर डोक्यावर. आता नव्या सुना हे पाळत नाहीत. माझ्यावरही कोणी सक्ती केली नव्हती. पण मला ही रीत सोयीची होती. मला तसंही कोणाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, आणि इथे तर न बोलणाऱ्या सुनेचं कौतुक होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मी भासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना चहा हवा की नको हेही सासूबाईंच्या तोंडून कळायचं. सासूबाईंना मी मामी म्हणते.

मागच्या माघात हे न बोलणं माझ्या रताळ्यांच्या मुळावर आलं.

विहिरीजवळचा अर्धा एकराचा तुकडा माझा. माझा म्हणजे नावावर नाही, हाताखालचा. बाकी शेतात कापूस, तूर, ते पुरुष पाहतात. या तुकड्यात मी भाजी लावते. त्या वर्षी रताळी लावली होती, महाशिवरात्र धरून. शिवरात्रीच्या आधी दोन दिवस वर्ध्याच्या बाजारात रताळ्यांवर माणसं तुटून पडतात, आणि उपास सुटला की त्यांना कुत्रं विचारत नाही. म्हणजे पीक आधी काढलं तर बारीक, नंतर काढलं तर फुकट. तोवर ते जमिनीतच राहायला हवं. वेल झकास पसरले होते. आत रताळी फुगून मातीला भेगा पडल्या होत्या. आणि गिरडकडच्या टेकड्यांतून रानडुकरांचा कळप उतरला.

डुकराने पोटभर खाल्लं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. पण ते एका रताळ्याला एक चावा मारतं आणि पुढचं उकरतं, चिकित्सक गिऱ्हाइकासारखं. आम्ही डबे वाजवले, जुन्या साड्या बांधल्या. साड्यांना ती चार दिवस भ्याली.

भासऱ्यांकडे परवान्याची रायफल आहे. त्यांनी सातबारा जोडून अर्ज केला, वनखात्याच्या परवानगीसाठी चकरा मारल्या. कागद हाती आला तेव्हा शिवरात्रीला पंधरा दिवस उरले होते आणि माझा पाव तुकडा नांगरल्यासारखा झाला होता. डुकरं यायची दिवेलागणीला, धड उजेड नाही नि धड अंधार नाही अशा वेळी. म्हणून भासऱ्यांनी रायफलवर बसवायची दुर्बीण मागवली. ओळखीच्या एका ट्रकवाल्याने ती जाम गावच्या चौकात उतरवून दिली.

दुर्बीण आली, पण ती रायफलवर कसायची कडी दोन दिवस मागे राहिली. तेवढे दोन दिवस ती घरातल्या फळीवर होती. पुरुष शेतात गेले की मी ती काढायची. मामी म्हणायच्या, "फुटन वं!" आणि मग, "मले पाहू दे."

तिच्या अंगावर एक फिरतं कडं होतं आणि त्यावर तीनपासून बारापर्यंत आकडे. बारावर केलं की शेजाऱ्याच्या गोठ्याचं दार अंगावर यायचं. मलाही आधी बाराच आवडलं. पण संध्याकाळी मागच्या दारातून पाहिलं, तर बारावर गोठा नुसता काळा. सहावर आणला तर गोठा लहान झाला, पण दाराची कडीसुद्धा दिसली. मला वाटलं माझ्या डोळ्यांत काही गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब धरली. मागच्या काचेत उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. बाराला तो तुरीच्या दाण्याएवढा, सहाला हरभऱ्याएवढा, चारला शर्टाच्या बटणाएवढा. चौथीपर्यंतच्या शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं, पण समजायला सोपं होतं. डोळ्यात उजेड तेवढाच जाणार, जेवढा दाणा. दिवसा तुरीचा दाणा पुरतो, दिवेलागणीला पुरत नाही.

एवढं मला कळलं आणि ते माझ्याजवळच राहिलं.

शेतात चार खांबांवर मचाण बांधलं. भासरे वर, मामी आणि मी खाली, विहिरीच्या आडोशाला, मी पाठ करून. पहिल्या संध्याकाळी भासरे वरून पुटपुटले, "काहीच दिसून नाई राह्यलं. सारं काळं." डुकरं आली, दोन ओळी उकरून गेली. दुसऱ्या संध्याकाळी तीन ओळी. मी मामींना म्हटलं, "सहावर करा म्हणावं त्यांना." मामींनी घरी आल्यावर सांगितलंही. भासरे हसले. "बारा मोठं का सहा मोठं, माय? बाराचं सोडून सहानं पाहू का?"

मामींचा पारा चढला. मला म्हणाल्या, "आता मी नाई सांगत. म्हातारीले का समजते म्हनते तो. तुले समजते तं तूच सांग."

"मी कशी सांगू?"

"तोंडानं."

तिसऱ्या संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने वेलांत काहीतरी काळं हललं. चांगलं थोराड होतं. मी चोरून मान वळवली. भासऱ्यांनी रायफल खांद्याला लावली. "आहे आहे," ते हळूच म्हणाले, "पण तोंड कुठं अन् शेपूट कुठं, समजून नाई राह्यलं." मग, "धाडतो अंदाजानं."

मी मामींना कोपर मारलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

अंदाजाने धाडली असती तर गोळीही गेली असती आणि कळपही सावध झाला असता. शिवरात्रीला सात दिवस होते. मी तोंड उघडलं, आणि त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत गरजच पडली नव्हती. तोंडातून निघालं, "अहो!"

अहो मी एकाच माणसाला म्हणते, आणि तो माणूस त्या वेळी वर्ध्याहून येणाऱ्या बसमध्ये होता. मामींनी तोंडात पदर कोंबला. पण आता मागे फिरता येत नव्हतं.

"अहो, दुर्बीण सहावर ठेवा. बारावर उजेड कमी येते."

वरून कडं फिरल्याची बारीक कुरकुर. मग मचाण हलायला लागलं. मला वाटलं भासरे रागावून उतरताहेत. ते हसत होते.

"माय वं! हे तं शेजाऱ्याची वगार आहे! गयात दावं दिसून राह्यलं!"

हाका मारल्यावर शेजारी धावत आला. ती म्हशीची वगार खुंटा उपटून माझे वेल खात उभी होती. शेजारी म्हणाला, "माह्या वगारीवर नेम धरला का बे?"

"धरला होता. माह्या भावसुनीनं वाचवली. तिच्या पाया पड."

"पडतो ना. आहे कुठं ते?"

मी मामींच्या मागे. त्या दिवशी त्या गोंधळाने डुकरं फिरकली नाहीत, तेवढंच बरं.

चौथ्या संध्याकाळी भासरे मचाणावर चढता चढता म्हणाले, "माय, तिले विचार, सहा कवा अन् बारा कवा?"

मी मामींकडे पाहत, पण वर ऐकू जाईल असं सांगितलं, "ऊन असलं तर बारा. सूर्य बुडाला की सहा. समोरच्याचं तोंड ओळखू नाही आलं की चार. अन् तेही दिसेनासं झालं की घरी यायचं."

"हे शेवटचं बेस आहे," वरून आवाज आला.

डुकरं आली. या वेळी भासऱ्यांनी घाई केली नाही. कळपातला दात निघालेला एक नर वेगळा होईपर्यंत थांबले. एकच आवाज झाला. माझ्या कानाला दडे बसले, आणि कळप टेकडीकडे पळाला. मी पाहायला गेले नाही. सकाळी वनखात्याचा माणूस आला, पंचनामा झाला. कळप पुढचे चार दिवस आला नाही. मला तेवढेच हवे होते.

शिवरात्रीच्या आधी दोन दिवस राहिलेली रताळी काढली. भासरेही कुदळ घेऊन आले. माझ्या शेजारच्या ओळीत वाकले आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, "इथं खोल आहेत का?" मी म्हटलं, "हो, जपून." काही पडलं नाही, ना आभाळ ना पदर.

मालक, म्हणजे आमचे हे, पोती घेऊन वर्ध्याला गेले. दुपार व्हायच्या आत त्यांचा फोन. "सारी गेली. घरी उरली असतील तं संध्याकाळच्या गाडीनं पाठव. मांगून राह्यले लोक."

उरली होती. दोन टोपल्या, सगळी डुकरांनी चावा मारलेली. मी म्हटलं, ती नाही द्यायची, ती आपल्या उपासाची. चावलेला भाग कापून उकडली. गोड होती. डुकरांनी निवडलेली होती ना.