बंबाच्या पोटातला खार

लग्नाला चार वर्षं झाल्यावर, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळाल्यावर, मी माझ्या सासूबाईंचा तांब्याचा बंब आतून घासून काढला. कुणी सांगितलं नव्हतं. उलट त्यांनी बजावलं होतं, की बाहेरून चिंच लाव, राख लाव, आरसा कर त्याचा, पण आतून हात लावायचा न्हाई. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई म्हंजी न्हाई." आता असं सांगितल्यावर कुठल्या सुनेचे हात शिवशिवणार नाहीत?

सासूबाईंना आम्हीच काय, शिरूरची आमची सगळी आळी आत्याबाई म्हणायची. त्या कुठल्याही भांड्यावर बोटाचं पेर वाजवून आत किती खार साचलाय ते सांगायच्या. शेजारणी चहाची पातेली, पाणी तापवायचे डबे घेऊन यायच्या. आत्याबाई डोळे मिटून टकटक करायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या, आणि निकाल द्यायच्या. एकीचा नवाकोरा गीझर त्यांनी असाच वाजवला आणि म्हणाल्या, "दिवाळी बघनार न्हाई ह्यो." दसऱ्यालाच गेला.

आमच्या नळाचं पाणी तेव्हा भयंकर जड होतं. मी भोरकडची. तिकडे डाळ नुसती पाण्यात टाकली तरी लाजून मऊ होते. शिरूरला पहिल्याच आठवड्यात मी तुरीला सहा शिट्ट्या दिल्या, झाकण उघडलं, तर दाणा न् दाणा माझ्याकडे टक लावून बघतोय. मी तरातरा दुकानात गेले आणि जुनी डाळ खपवता का, म्हणून वाण्याशी भांडून आले. साबणाला फेस येईना, तेव्हा परत गेले आणि साबणावरून भांडले. माझे केस घायपातासारखे झाले, तेव्हा मात्र भांडायला दुकान उरलं नव्हतं.

आत्याबाईंनी चार दिवस माझी ही मर्दुमकी पाहिली आणि मग मागच्या दारच्या दोन टाक्या दाखवल्या. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी त्या तिथे साठवत. पुरणाची डाळ आणि बायकांचे केस, एवढ्यालाच ते वापरायचं. रोजच्या वरणात चिमूटभर सोडा. "ह्या पान्याशी भांडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला काय येतं ते बघायचं, आन् आपलं काम काढून घ्यायचं." मला वाटलं, काय हे अडाणी बोलणं. मी बारावी होते ना!

तर बंब. माझी नणंद केंदूरला दिलेली, तिचे दिवस भरत आले होते. तिला बाळंतपणाला आणायचं म्हणून आत्याबाई तिच्याकडे गेल्या, पंधरा दिवसांनी दोघी येणार होत्या. हा बंब आत्याबाईंच्या सासूबाईंचा. घरातल्या प्रत्येक बाळाची पहिली आंघोळ त्याच्याच पाण्याने झालेली. मी ठरवलं, की येणाऱ्या बाळाला स्वच्छ बंबाचं पाणी मिळालं पाहिजे, आणि मला शाबासकी. आत चिंचेचं पाणी उकळलं, लोखंडी सळईने खरवडलं. पापडाएवढाल्या पांढऱ्या खपल्या निघाल्या. बादलीभर! ती बादली मी आत्याबाईंना दाखवायला जपूनसुद्धा ठेवली.

दुसऱ्या दिवशी बंब भरला, पेटवला, आणि आतल्या नळीतल्या विस्तवावर चर्र आवाज झाला. मग चारी बाजूंनी चर्र. विस्तव विझला. वाकून पाहिलं तर बंब अकरा ठिकाणी गळत होता.

तो रिक्षात घालून मी बाजारातल्या तांबटमामांकडे नेला. त्यांनी तो उन्हाकडे धरला, आणि आतून चांदण्या दिसल्या. "ताई, पत्र्याचा पार कागद झालाय," मामा म्हणाले. "इतकी वर्सं खारानंच धरला हुता. तुमी त्योच काढला." मोठ्या दोन भोकांना त्यांनी कसेबसे डाग दिले. बाकीच्यांना हात लावायला तयार होईनात, पत्रा फाटेल म्हणाले. मी तिथेच डोळ्यांना पदर लावला. तेव्हा म्हणाले, "रडू नका. गावातलं सगळ्यात वंगाळ पानी आना आन् उकळत बसा."

चार वर्षं ज्या पाण्याला मी शिव्या घातल्या, त्याच्यापेक्षा वाईट पाणी शोधत मी शिरूरभर हिंडले. शेवटी मागच्या आळीतल्या एका मावशींच्या बोअरचं नाव कळलं. कळशी घेऊन गेले, तर मावशीच ओशाळल्या.

"आमचं पानी? अगं, आमची म्हस तोंड लावत न्हाई त्याला."

"मला तसलंच पाहिजे," मी म्हटलं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच. नळीत विस्तव टिकेना, म्हणून आधी बंबाच्या बुडाखाली जाळ घातला. पाणी आटवायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा आटवायचं. आमचे हे कारेगावला कंपनीत होते. त्या पाण्याने आंघोळ करून निघाले की भस्म फासलेल्या गोसाव्यासारखे दिसत. विचारलं तर मी म्हणे, हवा कोरडी आहे. सहाव्या दिवशी पाच ठिकाणी गळती राहिली, दहाव्या दिवशी दोन. चौदाव्या दिवशी नळीत विस्तव घातला आणि कान लावून बसले. चर्र नाही. मी न्हाणीघरात एकटीच फुगडी घातली.

आत्याबाई आल्या. लेकीला बसवलं, पाणी प्यायल्या, आणि थेट न्हाणीघरात जाऊन बंबावर पेर वाजवलं. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा वाजवलं. माझ्याकडे बघितलं आणि चहा टाक म्हणाल्या. खपल्यांची बादली मी केव्हाच उकिरड्यावर नेऊन ओतली होती.

पुढे दारात गॅसचा गीझर आला, तोही खाराने खाल्ला, मग दुसरा आला. आत्याबाई गेल्या. आता भांड्यावर पेर वाजवून मीच निकाल देते, आणि नातवंडं हसतात. बंब अजून आहे, आणि त्याला आतून हात लावायचा नाही असं मी सुनेला बजावलंय. कारण सांगितलेलं नाही.

पण ती पहिली आंघोळ सांगायची राहिली. नणंदेला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी बंब पेटवला आणि जीव मुठीत धरून उभी राहिले. निखारे शेवटपर्यंत लाल. आत्याबाईंनी पाय लांब करून नातीला पायांवर घेतलं, कढत पाण्यात गार विसण घालून न्हाऊ घातलं, आणि ती लालबुंद होऊन झोपली. तिला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात देताना त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांत खार धरवलास व्हय? पोरी, मला सव्वा महिना लागला हुता."