कावळा शिवल्यावरची रडारड

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पोलिओ नाही."

सासूबाईंनी हात जोडले.

"पण त्याच्याच भावकीतला आहे," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी जोडलेले हात सोडले आणि पदराला पुसले.

जालन्यातल्या एका दवाखान्यात आम्ही तिघं होतो. आम्ही दोघी बाकावर आणि आमचे हे, उत्तमराव, स्ट्रेचरवर. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. कागद कुवेतच्या इस्पितळातला, इंग्रजी. आजाराचं नाव गियां-बारे सिंड्रोम. मी बदनापूरच्या शाळेत बाई, पोरांकडून पाढे घोकून घेणारी, पण ते नाव काही मला दोन दिवस पाठ होईना.

हे वायरमन आहेत म्हटल्यावर डॉक्टरांनी त्यांना समजेल असं सांगितलं. "आपल्याच अंगातली फौज चुकून आपल्याच नसांवर उठते. वायरीवरचं रबर जळतं, आतलं तांबं शाबूत राहतं. रबर परत चढतं, पण त्याला घाई नसते. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. तोवर सांधे हलवत राहा. नाहीतर काँट्रॅक्चर होतं, म्हणजे सांधा आखडतो तो कायमचा. नस परत येईल आणि मूठ उघडणार नाही. दोन महिन्यांनी आणा. तेव्हा बोटं आखडलेली असली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणजे आमच्या हातात दोन महिने होते. यांचे हात पुन्हा पक्कड धरणार की नाही, ते त्या दोन महिन्यांवर होतं.

कुवेतला गेल्यावर सातव्या महिन्यात यांना हगवण लागली. ती थांबली आणि आठवड्याने पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी शिडी चढवेना, तिसऱ्या दिवशी घास गिळवेना. अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होते. हे सगळं मला खोलीवरच्या सोबत्याच्या पत्रातून कळलं. परभणीकडचा भला माणूस, पण पत्र लिहायची पद्धत त्याने सोडली नाही. "इकडे सर्व कुशल आहे. तुमच्या मालकांचे हातपाय चालत नाहीत. तिकडील पाऊसपाणी कळवावे." मी ते पत्र वाचून आधी हसले आणि मग चुलीपाशी बसून रडले. तेव्हापासून माझं हसणं आणि रडणं कधी वेळेवर आलंच नाही.

चार महिन्यांनी यांना विमानाने मुंबईला आणि तिथून रेल्वेने बदनापूरला आणलं. स्टेशनावर चौघांनी उचलून उतरवलं. जाताना पासष्ट किलोचा माणूस गेला होता.

आता ज्यांच्या घरी असं माणूस येईल त्यांच्यासाठी सांगते. मान हलत होती, जीभ जड होती, बाकी काही नाही. चेहऱ्याच्या नसाही गेल्या होत्या. त्याला फेशियल पॅरालिसिस म्हणतात. त्यामुळे हसता येत नाही, ओठ मिटत नाहीत, डोळे मिटत नाहीत. झोपतानाही डोळे उघडेच. मी त्यात मलम घालायची आणि पापण्या चिकटपट्टीने चिकटवायची. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी साडेदहाला शाळा, त्याआधी यांची आंघोळ, दाढी, शौचाचं भांडं, व्यायाम. एकेक बोट दहादा वाकवायचं, दहादा सरळ करायचं. सासूबाई दिवसा पाणी पाजायच्या, पण अंगाला हात लावायला घाबरायच्या. मुलगा मोडेल असं त्यांना वाटायचं.

मी रोज मार्क द्यायची. "डावा अंगठा, शंभरपैकी चार. नापास. उजवं मनगट गैरहजर." पहिले पंधरा दिवस यांनी ऐकून घेतलं. हसता येत नव्हतं, पण घशातून घुर्रकन आवाज यायचा, ते यांचं हसणं.

मग भेटायला येणारे सुरू झाले. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि तोंडात एक मेलेला माणूस. आमच्या साडूचं अस्संच झालं होतं, बिलकुल अस्संच, महिन्यात आटोपला. एक गृहस्थ यांच्या डोळ्यांसमोर हात हलवून मला विचारायला लागले, "ऐकू येतं का यांना?" दुसऱ्याचं सगळं लक्ष यांच्या मनगटावरच्या कुवेती घड्याळाकडे. "बराबर चालतं का?" मी म्हटलं, "घड्याळ चालतं. माणूस चालत न्हाई. कोणतं नेता?" ते पुन्हा आले नाहीत आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

महिना झाला, बोट हललं नाही. एके सकाळी यांनी मान फिरवली. "बस झालं, बाई. नको वाकवू." हे मला चिडवायला बाईच म्हणायचे, शाळेतल्यासारखं. "तू माहेरी जा. मला ऱ्हाऊ दे."

"माहेरी जागा न्हाई. दोन म्हशी नव्या बांधल्यात."

घशातून आवाज आला नाही. त्या दिवसापासून मी बोट धरलं की हे दात आवळून ओरडायचे. अंगात जोर नव्हता, ओरडण्यात होता. मी चिडून म्हणायची, "आखडू दे, खुंटी होईल, पिशवी अडकवीन." म्हणायची आणि वाकवायचं सोडून द्यायची. खरं सांगते, मला सोडायचंच होतं. मी थकले होते. असे दहा दिवस गेले, आणि करंगळी जरा कडक लागायला लागली.

त्याच आठवड्यात कावळा शिवला.

मी शाळेत होते. सासूबाईंनी यांना अंगणात लिंबाखाली खाटेवर निजवलं होतं आणि दूध-भाकरी भरवून त्या आत गेल्या. मिशीला भाकरीचा कण राहिला होता. कावळा आला, डोक्यावर बसला, मिशीतला कण टिपला आणि आणखी आहे का बघत बसून राहिला. हाकलायला हात नाही, मिटायला डोळे नाहीत. मान हलवून बघितली, कावळा ढळेना, आणि "हाड" म्हणायला गेले तर घाबरून नुसती हवा निघाली. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत होते म्हणे.

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवणं म्हणजे मरणाचा सांगावा. त्यावर उतारा एकच. तो माणूस मेल्याची खोटी बातमी जवळच्या नातलगाला धाडायची. नातलग खरोखरीचं रडला की मरण फसतं आणि माघारी जातं. मग दुसऱ्या निरोपाने खरं सांगायचं. शिकलेली सून अडवील म्हणून सासूबाईंनी मला कळू दिलं नाही. शेजारचा दामू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आष्टीच्या बाजाराला निघाला होता. आष्टीत यांची थोरली बहीण, आक्का. दामूला बजावलं, "आधी मेल्याचं सांग. ती रडली, की बाजार कर, अन् मंग खरं सांग."

दामूने अगदी तस्संच केलं. सांगितलं, आक्का रडली, समाधानाने बाजाराला गेला. शेळीचा भाव करता करता दुपार झाली. परत येतो तर आक्काच्या दाराला कुलूप. भावकीतल्या कुणाची तरी ट्रक जवळच परतूरला उभी होती, तीत अकरा माणसं बसून केव्हाच निघाली होती. बदनापूरच्या वाटेवर, वाटूरच्या अलीकडे माझं माहेर. तिथे थांबून त्यांनी माझ्या वडिलांनाही घेतलं.

शाळा रस्त्यावरच होती. वडील तिथे उतरले, ट्रक पुढे गेली. मी तिसरीला भागाकार शिकवत होते. वडील दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

"चल पोरी. उत्तमराव गेले."

सकाळीच यांची दाढी करून आले होते मी. तरी मला शंका आली नाही. त्या आजारात तसंच होतं, श्वास थांबू शकतो, डॉक्टर बोलले होते. मी खडू ठेवला, हात झटकले आणि वडिलांबरोबर चालायला लागले. मला रडू आलं नाही. मला झोप आली. आज रात्रभर निजायचं, मध्ये उठायचं नाही, असा विचार मनात आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा की भांडं आता घासायला नको. चालता चालता माझे डोळे मिटत होते. वडिलांना वाटलं भोवळ आली. त्यांनी माझा दंड धरला.

घरी पोचलो तर अंगणभर गलका. हे खाटेवर, डोळे उघडे, चेहरा दगड. दुपारची गुंगी लागली होती. आक्काने तेवढंच बघितलं आणि उरावर आडवी पडली. आक्का भरल्या अंगाची. ती रडत होती, आणि आमच्याकडच्या बाया रडताना सगळं काढतात तसं सगळं काढत होती. "टेप आणतो म्हणला व्हतास रे भाऊराया, जपानी लुगडं आणतो म्हणला व्हतास..."

खालून आवाज आला. "आक्का, ऊठ. दम कोंडून राह्यला."

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण मी जमिनीवर बसले होते. एक चुलत सासरे चप्पल टाकून काट्यांच्या कुपाटीवरून पलीकडे गेले, एवढं दिसलं. आक्का दोन हात उडाली आणि तिने भावाला शिव्या द्यायला सुरुवात केली, जिवंत असल्याबद्दल. सासूबाई तेवढ्या शांत. "रडलात न्हवं समदे? मंग झालं. हातपाय धुवा." तोवर शेजारणीने रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी आणली होती, मौतीच्या घरी चूल पेटत नाही. परत कशी द्यायची? सगळे जेवायला बसले. यांना मी भरवलं. "स्वतःच्या मौतीचं पिठलं कुणाला मिळतं का? खा," म्हटलं. खाल्लं. मीठ कमी हाय, म्हणाले.

वडील जेवले नाहीत. खाटेशेजारी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आपलं आपल्यात सांगतो पोरी. खरं झालं असतं तर सुटली असतीस." त्यांना वाटलं यांचे डोळे उघडे असले तरी हे झोपलेत. वडील दुष्ट नव्हते. माझ्या हाडांची त्यांना काळजी होती. मी काही बोलले नाही.

दिवस कलता ट्रक गेली. मी मलम घेऊन बसले.

"तुझा बाप बोलला ते ऐकलं मी," हे म्हणाले. "तू कायच बोलली न्हाईस."

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशी घरात खोटं पुष्कळ झालं होतं. मी सांगून टाकलं. वडील 'गेले' म्हणाले तेव्हा मला रडू आलं नाही, झोप आली. भांड्याचंही सांगितलं.

यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते डोळे मिटत नसल्याने दिवसभर वाहायचंच, त्यावरून मला काही कळेना. मग घशात घुर्र झालं.

"मंग झोप की," हे म्हणाले. "मी मेलो न्हाई म्हणून झोपायची बंदी हाय का?"

मी यांच्या डोळ्यांत मलम घातलं.

"मला वाटायचं मला मरायचंय. आक्का उरावर पडली, दम कोंडला, तवा कळलं. बिलकुल मरायचं न्हाई मला, बाई." मग आईला हाक मारली. "माय, इकडं ये. बोटं वाकव. मोडत न्हाई मी. हिला निजू दे."

मी संध्याकाळी सहाला आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आल्यावर उठले. कुणी उठवलं नाही. बाहेर सासूबाई करंगळी धरून मोजत होत्या, सहानंतर आठ म्हणत होत्या आणि हे त्यांच्यावर ओरडत होते की सात कुठं गेला.

दोन महिने भरले तेव्हा डॉक्टरांनी बोटं उघडून पाहिली. करंगळी सोडून सगळी सुटी होती. नंतरच्या महिन्यात उजवा अंगठा आपण होऊन हलला. वर्षाने हे काठी घेऊन उभे राहिले. पाऊल अजून लोंबतं, त्याला फूट ड्रॉप म्हणतात, पण पक्कड धरता येते आणि गावातले पंखे दुरुस्त होतात.

ज्यांच्या घरी असं माणूस खाटेवर आहे त्यांना एवढंच सांगते. औषधं डॉक्टर सांगतील. पण हे माणूस आता जाईल तर बरं, असं कधीतरी तुमच्या मनात येईल. आलं म्हणून स्वतःला राक्षस समजू नका. आधी घरातल्या कुणाच्या तरी हातात काम द्या आणि निजा. मी ते दहा दिवस यांच्या तोंडाकडे बघून मनाशी म्हणत होते, यांना मरायचंय. मरायचं कुणालाच नव्हतं. मला फक्त झोपायचं होतं, आणि ते ओळखलं त्या घरातल्या एकट्या न हलणाऱ्या माणसाने.