चौथ्यांदा उघडलेलं पोट

शाझलिया आमच्या कैरवान शहरातल्या हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बावीस वर्षं बायकांची अंगं घासत होती. मी दारावर, ती आत वाफेत. नुसतं पोट बघून ती बाईची कुंडली मांडायची: हिचं सिझेरियन, हिचं अपेंडिक्स, ही खोटं बोलतेय, हिला तीन नाही चार मुलं झालीत.

पित्ताचे खडे काढायला तिचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनं मला चार इवलेसे वण दाखवले. "बघ हनिया, उंदीर चावल्यासारखं! याला काय ऑपरेशन म्हणायचं?"

दोन वर्षांनी अंडाशयावरची गाठ काढली. बेंबीतलं भोक तेच, जुनंच. मग पोटात कळा सुरू झाल्या. आतडी एकमेकांना चिकटली होती; ती सोडवायला तिसऱ्यांदा दुर्बीण घातली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने वजन उचलू नका. पंधराव्या दिवशी ही बादली घेऊन हजर.

तेव्हापासून तिचं हसणं कमी झालं. कडेचे वण जांभळे, जाड झाले, खाजायला लागले. बेंबीतून पाणी झिरपायचं, खपली धरायची, पुन्हा फुटायची. आणि एक दिवस कपडे बदलण्याच्या खोलीत मी पाहिलं, ती खोकली आणि बेंबीशेजारी लिंबाएवढा फुगवटा वर आला. तिनं तो घाईघाईनं आत दाबला आणि वर पंचा करकचून बांधला.

"डॉक्टरकडे चल," मी म्हणाले.

"तीनदा उघडलंय मला. चौथ्यांदा शिवायला कातडी कुठं उरलीय?" तिनं माझं मनगट धरलं. "कुणाला सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. शपथ घे."

मी घेतली. याची लाज मला अजून वाटते. सात महिने मी रोज तो पंचा बघत होते आणि गप्प होते.

मग एका गुरुवारी नवरीची अंघोळ होती. वीस-बावीस बायका, गाणी, टाळ्या. शाझलिया गरम पाण्याची बादली उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. गाणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. मला दारातून दिसलं. मी धावत आत गेले तर ती भिंतीला टेकून ओकत होती. मी तिचा पंचा सोडला. फुगवटा आता संत्र्याएवढा, दगडासारखा कडक, आणि वरची कातडी काळपट लाल.

"आत जात नाहीये," ती कुजबुजली. "हनिया, दाबतेय पण आत जात नाहीये."

नवरीची आत्या लल्ला वसीला निवृत्त नर्स होती. ती ओल्या केसांनिशीच पुढे आली. "हात काढ तिथून! दाबू नकोस. पाण्याचा घोटही देऊ नका हिला. हर्निया आहे हा, आतडं अडकलंय त्यात. टॅक्सी बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

टॅक्सीत शाझलियाचे ओठ पांढरे पडले होते. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची. अचानक म्हणाली, "मी गेले तर शेवटची अंघोळ तू घाल. मयत धुवायला येणाऱ्या मशिदीच्या बायकांना हे पोट दिसता कामा नये."

"गप्प बस. बावीस वर्षं सगळ्या गावाची पोटं बघितलीस, आता तुझं कुणी बघितलं तर काय बिघडलं?" मी ओरडले.

तीन तासांनी सर्जन बाहेर आले. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. या वेळी दुर्बीण नाही. पोट उभं फाडलं होतं. अशा जखमेत पोटाला आधार देणारी जाळी बसवली तर तिथं पू धरण्याची भीती, म्हणून नुसतेच टाके घातले.

ती वाचली. पण आठव्या दिवशी जखमेचं खालचं टोक उसवलं. रोज सकाळी मी त्या भोकात जाळीदार कापडाची ओली पट्टी भरायची. दवाखान्यातल्या नर्सनं मला शिकवलं होतं. शाझलिया डोळे मिटून घ्यायची.

"किती खोल आहे?"

"बोटाच्या पेरापर्यंत."

"काल पण एवढंच म्हणालीस. खरं सांग."

"काल दीड पेर होतं. मी काय मोजायला चुकते?"

खरं म्हणजे कधी कधी मी चुकायची, मुद्दाम. भोक बुजायला अकरा आठवडे लागले.

आता ती दारावर बसते आणि मी आत घासते. "असं नाही, मांजर चाटल्यासारखं नको!" असं बाहेरून ओरडते. शिंक आली की मात्र दोन्ही हातांनी पोट धरते आणि चेहरा पांढराफटक होतो. एखाद्या बाईनं वण लपवला तर ती तिला जवळ बसवून स्वतःचं पोट उघडून दाखवते, तीच, जिला मेल्यावरही ते दाखवायचं नव्हतं.

त्या वणाखाली पोट पुन्हा सैल पडत चाललंय. डॉक्टर म्हणतात, आता जाळी बसवून घ्या. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय. तिनं कागद घडी करून झग्याच्या खिशात ठेवलाय. ती हो म्हणालेली नाही. या वेळी मात्र मी कसलीही शपथ घेतलेली नाही. लल्ला वसीलाला मी कालच सगळं सांगून आले.